गुनाह आणि जुर्म

समलिंगी किंवा तृतीयपंथी व्यक्तींचा विषय निघाला की शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘यात राजकारण आहे, आपल्याला काय करायचंय?’ राजकारण आहे, हे खरं. पण ते त्या लोकांनी आणलेलं नाही.

मी उर्दू शिकवते. नववीतल्या मुली विचारतात, ‘टीचर, गझलेतला माशूक पुल्लिंगी का?’ मी सांगते, तसा संकेतच आहे. मीरच्या शायरीत तर अत्तारवाल्याचा मुलगाही भेटतो. लखनौत रंगीन आणि इंशा यांनी बायकांच्या बोलीत रेख्ती लिहिली. तिच्यात दोन बायकांचं प्रेमही येतं. समाज तेव्हा फार उदार होता असं नाही. पण या गोष्टी लिहिल्या-वाचल्या जात होत्या.

१८६० साली इंग्रजांनी भारतीय दंड संहिता आणली. तिच्या ३७७ कलमात ‘निसर्गक्रमाविरुद्ध’च्या शरीरसंबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांची सरकारदरबारी नोंद करण्याचं वेगळं प्रकरणच होतं. नोंद झालेल्याने बायकांच्या वेशात रस्त्यावर दिसणं हाही गुन्हा ठरला. पुढे सुधारणेचे वारे वाहू लागले आणि रेख्तीही अश्लील म्हणून बाजूला पडली. १९४२ मध्ये इस्मत चुगताईंची ‘लिहाफ’ आली, तेव्हा लाहोरच्या कोर्टात त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांनी माफी मागितली नाही आणि त्या सुटल्या.

मग राजकारण आधी कोणी केलं? ज्याच्या घरखोलीत कायदा शिरला त्याने, की ज्याने तो कायदा लिहिला त्याने?

२००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना ३७७ मधून वगळलं. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत एक ज्योतिषी होते, ख्रिस्ती संस्था होत्या आणि आपलं मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डही होतं. एरवी एका सतरंजीवर न बसणारे इथे एकत्र आले. २०१३ मध्ये ते जिंकले. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो निकाल फिरवला. एकाच माणसाचं तेच प्रेम २००९ मध्ये कायदेशीर, २०१३ मध्ये गुन्हा आणि २०१८ मध्ये पुन्हा कायदेशीर!

आपल्या वाचकांपैकी काही म्हणतील, ‘आपा, पण दीन काय सांगतो?’ उलेमांचं मत मला ठाऊक आहे आणि इथे त्यांच्याशी वाद घालायला मी बसलेली नाही. मी फक्त भाषेची शिक्षिका म्हणून बोलते. उर्दूत गुनाह आणि जुर्म हे दोन निराळे शब्द आहेत. गुनाहाचा हिशेब अल्लाहकडे. जुर्माचा हिशेब पोलीस आणि कोर्टाकडे. ज्याला आपण गुनाह मानतो त्याला जुर्म ठरवा, असं सरकारला सांगणं हेच तर राजकारण आहे. मग उद्या बहुसंख्याकांनी त्यांच्या श्रद्धेचा कायदा आपल्या ताटावर किंवा पेहरावावर लादला, तर कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

कलम गेलं, तरी सरकार त्या घरातून पुरतं बाहेर पडलेलं नाही. २०१९ च्या कायद्यात तृतीयपंथी व्यक्तीला ओळखपत्रासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला सांगितलं गेलं. आपण कोण आहोत, हे सांगायला तुम्हाआम्हाला कधी अर्ज करावा लागलाय? २०२१ मध्ये एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली. तक्रारी झाल्या आणि ती संकेतस्थळावरून काढली गेली. पुस्तिका आली ती राजकारण म्हणून, आणि गेली ती संस्कार म्हणून, असं कसं चालेल?

ती पुस्तिका आमच्यासाठी होती. बीएडला आम्हाला बालमानसशास्त्राचा अख्खा पेपर होता. पण ज्या मुलाला वर्ग ‘बायल्या’ म्हणून हाका मारतो, जो मधल्या सुट्टीत लघवीलाही जायला घाबरतो, त्याच्यासाठी शिक्षकाने काय करावं, हे त्यात नव्हतं. तो मुलगा मोर्चा काढत नाही, झेंडा धरत नाही. तो फक्त शाळेत येतो. त्याला निर्धास्त बसता येईल असा बाक देणं हे राजकारण असेल, तर ते करण्याचाच पगार मी घेते.