इस्लामपूरचा ‘प्रतोद’

१/ १८९७ सालचा राजद्रोहाचा खटला म्हटला की ‘केसरी’ आणि लोकमान्य टिळक आठवतात. परंतु त्याच वर्षी तत्कालीन सातारा जिल्ह्यातील इस्लामपूर या तालुक्याच्या गावी निघणाऱ्या एका लहान पत्रावरही तेच १२४अ कलम लावले गेले. पत्राचे नाव ‘प्रतोद’. हा धागा त्याविषयी.

२/ प्रतोद म्हणजे चाबूक. गावाच्या मानाने नाव धीटच होते. पण काळ कठीण होता. प्लेगच्या बंदोबस्ताने लोक संतापले होते. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. त्यानंतर देशी पत्रांतील प्रत्येक ओळ सरकार संशयाने वाचू लागले.

३/ ‘प्रतोद’चा अपराध कोणता? स्वतंत्र होण्याच्या तयारीविषयीचा एक लेख. त्यात उदाहरण होते दूरच्या कॅनडाचे. तालुक्याच्या गावातील वाचकापुढे कॅनडाचा राज्यकारभार मांडला जावा, हीच त्या काळच्या लहान पत्रांची झेप होती.

४/ साताऱ्याच्या सत्र न्यायाधीशाने संपादक रामचंद्र नारायण यांना एका लेखापायी जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. दुसऱ्या आरोपीला सात वर्षे.

५/ अपील मुंबई उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायाधीश फॅरन, पार्सन्स आणि तिसरे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. ज्यांनी सनदशीर राजकारणाचे धडे दिले, त्यांच्यापुढेच हे मराठी पत्र आरोपी म्हणून उभे राहिले.

६/ टिळकांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला होता. रानड्यांनी तो अपुरा मानला : नुसता अभाव पुरेसा नाही, सत्तेविषयी प्रत्यक्ष वैरभाव, तिला झुगारण्याची वृत्ती हवी. तरीही दोष कायम राहिला. शिक्षा मात्र एक वर्ष आणि तीन महिने इतकी उतरली.

७/ जन्मठेप आणि एक वर्ष! लेख तोच, कायदा तोच. शब्दाचा अर्थ कोण लावतो, यावर एका माणसाचे उभे आयुष्य टांगलेले होते. १८९८ साली सरकारने कलमच दुरुस्त करून ‘द्वेष’ आणि ‘तुच्छता’ हे शब्द त्यात घातले.

८/ आज हा खटला कायद्याच्या ग्रंथांत ‘राणी-सम्राज्ञी विरुद्ध रामचंद्र नारायण’ या नावाने भेटतो. त्या शीर्षकात ना गाव आहे, ना पत्र. इतिहासाच्या अभ्यासकाने ती दोन्ही नावे शेजारी लिहून ठेवावीत : इस्लामपूर, ‘प्रतोद’.