एस म्हणजे फक्त स्पोर्ट?

बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत डीच्या जवळ एक एस असतो. तरुण पोरांची सिग्नलवरून गाडी उडवायची सोय, एवढाच त्याचा लौकिक.

खरं तर एसमध्ये टाकल्याने गिअरबॉक्स इंजिनाला जादा ताकद देत नाही. बदलतो तो गिअर पडण्याचा मुहूर्त. डीमध्ये गाडीचा जीव पेट्रोलमध्ये, त्यामुळे इंजिनाचे फेरे थोडे वाढले की लगेच वरचा गिअर. एसमध्ये तीच गाडी खालचा गिअर धरून बसते. काही गाड्यांत ॲक्सिलरेटरही जास्त हुळहुळा होतो (बायकोला हे मुळीच आवडत नाही).

मला एस आवडतो तो उतारावर. महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाट उतरताना बाबा शेजारी होते. चाळीस वर्षं हाताने गिअर टाकलेला माणूस. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा त्यांचा नियम. डीमध्ये पाय उचलला की बऱ्याच गाड्या वरच्या गिअरमध्ये जातात, इंजिनाचा आवर सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक फार तापले तर ऐन वळणावर दगा देतात. मी एसमध्ये टाकलं. इंजिन घुमायला लागलं.

"कितव्यात आहे?" बाबांनी विचारलं.

"दुसऱ्यात."

त्यांनी खिडकीवरची कडी सोडली.

सगळ्याच गाड्या एसमध्ये इतक्या शहाण्या नसतात. तिथे सरळ एल, किंवा मॅन्युअल मोडमध्ये हाताने दुसरा टाकावा. आणि पोलादपूर आलं की परत डी, पेट्रोलचे भाव माहीत आहेतच.