किल्लारी : एका गांवाचा वृत्तान्त

लातूरहून औशावरून दक्षिणेस उमरग्याच्या वाटेनें निघालें म्हणजे सुमारें चाळीस किलोमीटरांवर किल्लारी लागतें. हें गांव औसा तालुक्यांतील. मराठवाड्यांतील माहूर, औंढा, परळी ह्या क्षेत्रांप्रमाणें यात्रेकरूंची येथें रीघ नाहीं, किंवा कंधार-उदगीरप्रमाणें मोठा किल्लाही नाहीं. तथापि ३० सप्टेंबर १९९३ ह्या दिवसापासून ह्या गांवाचें नांव जगांतील भूशास्त्रज्ञांच्या तोंडीं बसलें. त्या गांवाची थोडी माहिती आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम भूगोल. गांवाजवळून तेरणा वाहते; ती मांजरेस मिळते व मांजरा गोदावरीस. जमीन काळी, पीक ज्वारीचें, तुरीचें व हरभऱ्याचें. अलीकडे सोयाबीन व ऊसही पुष्कळ. मातीखालीं काळ्या पाषाणाचे थर आहेत. हा पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्हारसाचा होय. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनीं येथें ६१७ मीटर खोल छिद्र घेतलें, तेव्हां ह्या पाषाणाची जाडी ३३८ मीटर भरली. त्याखालीं गाळाचा पातळ थर व मग अतिप्राचीन खडक. असा भूभाग म्हणजे अचल, असें पंडित व पामर दोघेही समजत. सरकारी नकाशांतही हा मुलूख भूकंपाच्या सर्वांत कमी भयाच्या पट्ट्यांत दाखविलेला होता.

इतिहास म्हणावा तर तो साऱ्या मराठवाड्याचाच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल, १९५६ त मुंबई राज्यांत समावेश, १९६० त महाराष्ट्र, आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजीं उस्मानाबादेपासून निराळा झालेला लातूर जिल्हा. गांवांत नीळकंठेश्वराचें जुनें देवालय. वस्ती मराठे, लिंगायत, मुसलमान, दलित व बलुतेदार अशी मिश्र; काळीवर राबावें व पांढरीवर नांदावें, हा पिढीजाद क्रम.

ह्या पांढरीवरील घरांकडे मात्र लक्ष दिलें पाहिजे. मातींत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती, आणि वर लाकडी तुळयांवर मातीचें माळवद. माळवद गळूं नये म्हणून पावसाळ्यापूर्वीं त्यावर पांढरी माती टाकीत. ती वर्षानुवर्षें सांचून छप्पर जड होत जाई. घर उन्हाळ्यांत थंड, हिवाळ्यांत उबदार, चोराचिलटांस दुर्भेद्य. जितकी भिंत जाड तितका घराण्याचा लौकिक मोठा.

१९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान किल्लारीस लहानमोठे धक्के बसले. लोक भ्याले, पण पुढें जमीन शांत झाली व भीतीही ओसरली. १९९३ सालीं २९ सप्टेंबरला अनंतचतुर्दशी होती. गणपति बोळवून लोक उशिरां निजले. पहांटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं ६.२ प्रतीचा धक्का बसला. ज्या भिंतींचा भरंवसा, त्याच अंगावर आल्या. लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) ह्या जिल्ह्यांतील बावन्न गांवें भुईसपाट झालीं. मृतांचे आंकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत निरनिराळे सांगतात. पितृपक्ष उंबरठ्यावर असतां कित्येक घरांत तर्पण करावयासही कोणी उरलें नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. गरिबांच्या गवती झोंपड्या बहुतांशीं वांचल्या, आणि वाडे कोसळले. कित्येक ठिकाणीं भिंती ढासळल्या तरी खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा उभा राहिला. अर्थात् घात केला तो मातींत सैल रचलेल्या दगडांनीं व माथ्यावरील भारानें.

पुढें सरकारनें जागतिक बँकेच्या कर्जानें व अनेक संस्थांच्या साहाय्यानें ह्या गांवांची नवी वसाहत केली. जुनी किल्लारी सोडून नवी किल्लारी वसली. घरें जमिनीच्या धारणेप्रमाणें अडीचशें, चारशें व साडेसातशें चौरस फुटांचीं. रस्ते रुंद व सरळ. पण जुन्या गल्लीबोळांत भिंतीस भिंत लावून नांदणारे भाऊबंद व शेजारी दूर दूर फेंकले गेले. अडीचशें फुटांत एकत्र कुटुंबानें बि‍ऱ्हाड कसें करावें, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. पुष्कळांनीं पुढें स्वतःच्या खर्चानें अंगणांत खोल्या वाढविल्या.

पोरक्या मुलांचा प्रश्न तर ह्याहून बिकट होता. भारतीय जैन संघटनेनें सुमारें बाराशें मुलें पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीनें भूकंपग्रस्त भागांत हराळी येथें निवासी शाळा उभारली. ती शेतीचें शिक्षणही देते. घर पडलें तर बांधतां येतें. परंतु वडीलधारें माणूस गेल्यावर मुलाच्या पाठीवर हात कोणीं ठेवावा, ह्या प्रश्नाचें उत्तर ह्या संस्थांनीं आपल्या परीनें दिलें.

आज दरसाल ३० सप्टेंबरला जुन्या किल्लारींतील स्मृतिस्तंभापाशीं लोक जमतात व आपल्या माणसांस श्रद्धांजली वाहतात. २००२ सालीं नव्या नकाशांत हा भाग तिसऱ्या पट्ट्यांत घातला गेला. परंतु नकाशा बदलल्यानें भिंती बदलत नाहींत. नांदेड, लातूर, बीडकडील खेड्यांत दगडमातीचीं जुनीं घरें अद्यापि आहेत, व आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे वडिलोपार्जित वाडेही त्याच घडणीचे असतील. माळवदावरील जास्तीची माती उतरवावी, भिंतीच्या दोन्ही अंगांस सांधणारे लांब दगड मधून मधून बसवावे, व चारी भिंतींस एकत्र बांधणारा पट्टा फिरवावा, असें जाणते स्थापत्यकार सांगतात. खर्च फार नाहीं. सुटीत गांवीं जाल तेव्हां देवघरापुढें हात जोडून झाल्यावर एकवार माथ्यावरील माळवदाकडेही पाहावें, एवढीच आमची विनंती आहे.