समेची वाट

नृत्यावर उपजीविका करू पाहणाऱ्याने प्रथम काय शिकावे असे कोणी विचारल्यास आम्ही निःशंकपणे सांगू, की त्याने उभे राहावयास शिकावे. प्रेक्षकांस गिरकी दिसते. ती ज्या पावलांवर तोलली जाते, त्यांनी वर्षानुवर्षे घोटलेला ततकार दिसत नाही.

आमचे जाम हे वर्धा जिल्ह्यातील गाव. नागपूरहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्याला चंद्रपूरचा फाटा येथेच फुटतो. वाहनांची घरघर अहोरात्र कानी पडते. घुंगरांचा नाद ऐकावयाचा तर नागपूर गाठावे लागते. आमची पुतणी कथ्थकच्या तालमीसाठी दर रविवारी तेथे जाते व उरलेले सहा दिवस घरच्या फरशीवर पाय झिजविते. नृत्य हाच व्यवसाय करण्याचा तिचा निश्चय झाला आहे. तेव्हा हा विषय आमच्या घरी आता नुसत्या कौतुकाचा राहिलेला नाही, चरितार्थाचा झाला आहे.

मध्यंतरी तिला गुरूंनी स्वतःची एक तिहाई बांधून आणावयास सांगितले. वरवर पाहता हे बेरजेचे काम. त्रितालाच्या मात्रा 16. समेवरून निघून 5 मात्रांचा बोल तीनदा घ्यावा, मध्ये दोनदा एकेका मात्रेचा दम ठेवावा, की 17वी मात्रा, म्हणजेच पुढील आवर्तनाची सम, नेमकी साधते. हिशेब एका संध्याकाळी जमला. तिहाई जमावयास तीन आठवडे लागले. हाताने ताल धरून पढंत करताना जे बोल तोंडात बसत, ते पायांत अडखळत. पायांत बसले, तर दृष्टी मुकी राही. अखेरीस तिने बोल तसेच ठेविले आणि दमाच्या त्या एका मात्रेत नुसते थांबण्याऐवजी मान वळवून पाहिले. तिहाई सजीव झाली! बंधन जेथे सर्वांत कडक, तेथेच तिला स्वतःची जागा सापडली.

पांढरपेशा घरातील मुलीने रंगमंचावर नाचणे हेच नवल होते त्या काळी, 1947 साली, रोहिणी भाटे यांनी पुण्यास 'नृत्यभारती' स्थापिली. पुढेही त्यांनी शिष्यपण टाकिले नाही. लखनौ घराण्याचे लच्छू महाराज व मोहनराव कल्याणपूरकर यांच्यापाशी त्या दीर्घकाळ शिकल्या. 2008 साली त्या निवर्तल्या. त्यांच्या शिष्यांच्या शिष्या आज शिकवीत आहेत. गुरुपद लाभल्यावरही शिकत राहणे, हाच छंद आणि व्यवसाय यांतील खरा भेद होय, असे आम्हांस वाटते.

आमच्या बंधूंनी मुलीस दोन वर्षांची मुदत दिली आहे. त्यांची चिंता खोटी नाही. कार्यक्रमांच्या बिदागीवर संसार क्वचितच चालतो, बहुतेकींस शिकवण्यांचा आधार घ्यावा लागतो. आम्ही त्यांस एवढेच सुचविले आहे, की मुदत भरेल त्या दिवशी मुलीची कमाई अवश्य मोजावी. परंतु तिने तोवर किती तिहाया बांधल्या, हेही एकदा विचारावे.