दोघांचे लग्न आणि तिसरा फोटोग्राफर

बंगळूरच्या गांधी बाजारात सकाळी लवकर जावे. मोगरा, शेवंती आणि अबोलीचे ढीग मांडून फुलवाल्या बसलेल्या असतात आणि गजरा ‘मोळा’वर मोजून देतात. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात. साहजिकच लांब हाताच्या बाईकडे गिऱ्हाइकाचा फायदा! बाजारापासून थोडे चालले की बसवण्णाचे म्हणजे नंदीचे मोठे देऊळ, त्याला लागून ब्यूगल रॉकची झाडी, आणि परत फिरले की १९४३ पासून डोसे खिलवणारे ‘विद्यार्थी भवन’. हार, देव, सावली आणि न्याहारी एवढ्या जवळ असल्यावर मोजक्या माणसांत लग्न उरकू पाहणाऱ्या जोडप्यांना बसवनगुडी सोयीची वाटते, यात नवल नाही.

हा भाग वसवला गेला तो १८९८ च्या प्लेगनंतर. जुन्या पेठांतील दाटीला घाबरलेल्या लोकांसाठी रुंद रस्ते आणि मोकळी आळी आखण्यात आली. मराठी माणसाला तो परका वाटू नये. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. शेजारच्या गवीपुरममध्ये मराठा समाजाचा गोसावी मठ आहे. शिवाजीराव गायकवाड नावाचा मुलगा, म्हणजे पुढचा रजनीकांत, याच परिसरातील शाळांत शिकला. असो.

समजा, पुण्याची मुलगी आणि म्हैसूरचा मुलगा, दोघेही बंगळूरला नोकरीला. एका घराचा विरोध आहे, दुसऱ्या घराला पाचशे पानांचा थाट हवा आहे. दोघांनी ठरवले, चार मित्र बोलावून लग्न करायचे. असे करावे की करू नये, हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न. पण ठरलेच, तर हार, साडी आणि मंगळसूत्र यांची खरेदी आठवडाभर चालते आणि फोटोचे काम मात्र ‘कोणीतरी मोबाइलवर काढेल’ यावर सोडून दिले जाते. हे बरे नव्हे. मांडवातल्या लग्नात फोटो विसरले, तरी पाहणारे तीनशे डोळे असतात. इथे ते नसतात. आज रागावलेली आई उद्या निवळेल, तेव्हा मुलीचे लग्न तिला दिसणार ते त्या फोटोंतूनच.

फोटो पाहणारे आणखी एक ठिकाण असू शकते, ते म्हणजे न्यायालय. हिंदू विवाह कायद्याच्या (१९५५) सातव्या कलमानुसार लग्न वधू किंवा वराच्या रूढीप्रमाणे विधी करून लागते; सप्तपदी असेल तिथे सातव्या पावलाला ते पूर्ण होते. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने असे लग्न सिद्ध होत नाही. देवळेही सावध झाली आहेत. शहराच्या पूर्वेकडील हलसूरच्या सोमेश्वर मंदिराने लग्ने लावणे थांबवल्याची बातमी २०२५ च्या डिसेंबरात आली. पळून आलेली जोडपी आणि पुढे न्यायालयात पुजाऱ्यांना होणारी बोलावणी, ही कारणे त्यात होती. तेव्हा प्रत्येक विधीचा, साक्षीदार चेहऱ्यानिशी दिसतील असा एक तरी साधा फोटो हवा. धूसर, कलात्मक फोटो त्यानंतर हवे तेवढे काढावेत!

फोटोग्राफर निवडताना त्याचे नमुन्याचे दहा उत्कृष्ट फोटो पाहून भुलू नये. दहा चांगले फोटो कोणाकडेही निघतात. त्याने टिपलेल्या एखाद्या छोट्या लग्नाचा, त्या घरची हरकत नसेल तर, पहिल्यापासून शेवटपर्यंतचा संग्रह पाहायला मागावा. गर्दी नसताना त्याला काही सुचते का, ते तिथे कळते.

त्याला विधी ठाऊक आहेत का, हा दुसरा प्रश्न. आणि बसवनगुडीत तो फार महत्त्वाचा. कन्नड लग्नात मुहूर्ताला वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गूळ ठेवतात. पुढे मंगळसूत्र बांधताना ‘गट्टी मेळ’ होतो, म्हणजे नादस्वर आणि ढोल एकदम जोरात वाजतात. इथला फोटोग्राफर त्या आवाजावर बटण दाबायला सरावलेला. आपल्याकडे मात्र शेवटच्या ‘सावधान’ला अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, आणि तो क्षण निसटला की निसटला. लग्न मराठी पद्धतीने लावायचे असेल, तर विधींचा क्रम कागदावर लिहून त्याला आदल्या दिवशी द्यावा. पाच मिनिटांचे काम आहे.

नोंदणी विवाहाचे वेळापत्रक निराळे. विशेष विवाह कायद्याखाली (१९५४) तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते, आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. म्हणजे फोटोग्राफर ठरवायला महिना हाताशी असतो. कार्यालयात कॅमेरा चालेल का, हे मात्र आधी विचारावे. देवळातही तेच.

जागा दाखवायला त्याला एकदा आधी घेऊन जावे. नंदी एकाच शिळेतला, सुमारे १५ फूट उंच आणि २० फूट लांब. अंगावर वर्षानुवर्षांचे तेल. त्यावर फ्लॅश मारला की चकाकी उठते आणि जोडपे बाजूला पडते. ब्यूगल रॉकचा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे. तिथे झाडांतून उतरणारी सकाळची उन्हे फार छान, पण ऊन चढले की चेहऱ्यावर पानांच्या सावल्यांचे ठिपके पडतात.

पैशांचे बोलणे लेखी असावे. किती तास, किती फोटो, किती दिवसांत, आणि मूळ फाइली मिळणार का? कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोची मालकी, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याची असते. करारात उलटे कलम घातलेले नाही ना, ते वाचून सही करावी. आणि परवानगीवाचून एकही फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचा नाही, हे त्यात हवेच. घरी बातमी मुलीच्या तोंडून कळणे वेगळे आणि शेजारणीच्या मोबाइलवर दिसणे वेगळे.

तारीख ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात. शुक्रवारी विद्यार्थी भवन बंद असते, तेव्हा हार घालून डोसा खातानाचा फोटो हुकतो. आणि कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळाजवळ शेंगदाण्यांची जत्रा, ‘कडलेकाई परिषे’ भरते. तुळशीचे लग्न होऊन मुहूर्त निघू लागलेले असतात, पण त्या दिवशी रस्ताभर शेंगांच्या राशी आणि माणसेच माणसे. फोटोग्राफरला तिपाई टेकवायलाही जागा मिळत नाही. शेंगा मात्र ताज्या मिळतात.