जाहिरातीचा खर्च

(द्वितीय वर्ष, कला)

जाहिरात म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो एस. टी. स्टँडसमोरचा भला मोठा फलक. ज्याच्या खिशात पैसा, त्याचे नाव फलकावर! मग ज्याच्या गाठीला पैसाच नाही, त्याने आपला माल लोकांना सांगायचा तरी कसा? अर्थशास्त्राच्या तासाला फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या रेषा उमटू लागल्या, की मला हा प्रश्न हटकून पडतो. कारण तो माझ्या घरचा प्रश्न आहे.

माझी आई कांदा-लसूण मसाला करून विकते. वडील दुसऱ्याच्या मळ्यात रोजाने जातात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझी फी आणि पुस्तके त्या मसाल्याच्या पिशव्यांतूनच निघतात. तेव्हा आईचा मसाला खपणे हा माझ्या दृष्टीने केवळ व्यापाराचा विषय नाही.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ बाजारात आले. म्हणाले, "मावशी, चौकात फ्लेक्स लावू, केबलवर पट्टी फिरवू. महिन्याला फक्त तीन हजार!" आईने शांतपणे विचारले, "तेवढ्यात मिरची किती किलो येईल?" गृहस्थ हसले आणि पुढच्या दुकानाकडे वळले.

आईची रीत निराळी. सोमवारच्या बाजारात तिची जागा ठरलेली, चिंचेखाली, भांडीवाल्याच्या शेजारी. पाऊस असो की अंगात कणकण, ती जागा चुकत नाही. गिऱ्हाईक नाव विसरते, जागा विसरत नाही, असे तिचे म्हणणे. घरून निघताना ती दोन भाकरी जास्तीच्या बांधून घेते. भाकरीच्या तुकड्यावर तेलाचे बोट, त्यावर चिमूटभर मसाला, की ठेवला समोरच्याच्या हातावर! पिशवीवर रबरी शिक्का मारलेला असतो, त्यात तिचे नाव आणि फोन नंबर. शिक्का एकदाच करून घेतला. आता शाई तेवढी लागते.

मी तिच्या फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस घालून दिले. २०१८ साली निघालेल्या या ॲपला पैसे पडत नाहीत. मालाचे फोटो, भाव, पत्ता असे सारे त्यात ठेवता येते. आईला लिहिता-वाचता येत नाही, पण ती बोलून निरोप धाडते, "ताई, नवा मसाला कांडलाय, कधी येताय?" मी टाइप केलेल्या सुबक मजकुरापेक्षा तिच्या त्या आवाजालाच अधिक उत्तरे येतात, हे मला मान्य केले पाहिजे.

ही रीत काही आईनेच काढलेली नाही. आमच्याच सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. अशा गिऱ्हाइकाला फलक दाखवून काय उपयोग? त्याच्याशी बोलतच राहायला हवे. १९२० साली त्या कारखान्याने 'किर्लोस्कर खबर' नावाचे पत्र सुरू केले आणि त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' हे नामांकित मासिक वाढले. गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तोच आजचा लिज्जत पापड. सुरुवातीला त्या एक चांगला आणि एक हलका, स्वस्त असे दोन प्रतींचे पापड करीत. छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी त्यांना सांगितले, की एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. मला वाटते, फलकाला पैसा नसणाऱ्याला याहून मोलाचा सल्ला मिळणार नाही.

मात्र मित्रहो, जे स्वस्त दिसते ते फुकट असते असे नव्हे. पैसा वाचतो, तेव्हा तो कुणाच्या तरी अंगावरून वाचतो. व्हॉट्सॲप फुकट खरे. पण रात्री नऊला पाव किलोसाठी फोन येतो आणि आई तव्यावरची भाकरी तशीच सोडून उठते. उधारीचेही तसेच. उधार दिले की माणूस आपला होतो, असे पुष्कळांना वाटते. आमचा अनुभव असा, की ज्याच्याकडे बाकी थकते, तो पुढच्या सोमवारी चिंचेकडे न येता भाजीच्या गल्लीतून निघून जातो. पैसेही गेले आणि गिऱ्हाईकही गेले! आई आता उधारी देत नाही, त्याऐवजी छटाकभराची पुडी बांधून देते. ज्याला अर्धा किलो जड जातो, तो पुडी रोखीने नेतो आणि मान वर करून परत येतो.

गेल्या वर्षी मी प्रथम वर्षाला प्रवेश घेतला, त्याच उन्हाळ्यात मिरचीचा भाव चढला. एका व्यापाऱ्याने आईला सुचवले, "देठासकट कांडा. वजन वाढतंय, तिखटात कुणाला कळतंय?" आई म्हणाली, "एकाला कळलं, की बाजाराला कळतं." तिने देठ खुडूनच मिरची कांडली आणि किलोमागे चाळीस रुपये वाढवले. वाढवताना प्रत्येकाला कारण सांगितले, मिरचीचा भाव सांगितला, भाकरीचा तुकडाही हातावर ठेवला. तरीही ओळीने तीन सोमवार निम्म्याहून अधिक पिशव्या घरी परत आल्या. माझ्या फीची तारीख जवळ आली होती. आईने देठाचा विषय पुन्हा काढला नाही आणि वडिलांनीही काढला नाही. त्यांनी मळ्याच्या मालकाकडून उचल घेतली, माझी फी भरली आणि दिवाळीपर्यंत एक खाडा न करता ती अंगाने फेडली.

चौथ्या सोमवारी गिऱ्हाइके परतू लागली. सगळी आली नाहीत. काही अजूनही स्वस्तातला मसाला नेतात आणि आईला लांबूनच रामराम करतात. जी आली, त्यांनी आपल्या नात्यागोत्यात सांगितले आणि यंदाचा मसाला पावसाआधीच संपला.

घरचा हिशोब आता मी लिहितो. मिरची, खोबरे, तेल, डंकाची कांडणावळ, शाई असे रकाने पाडले आहेत. जाहिरातीच्या रकान्यात दर बाजारच्या दोन भाकरी मांडतो. वडिलांची ती उचलही मी त्याच रकान्यात लिहून ठेवली आहे.