गळती कुठून, हे आधी पाहावे



आषाढी जवळ आली की दिंडीत कोणती तयारी चालते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. कनाती उन्हात घालायच्या, शिधा निवडायचा, मृदंगाच्या वाद्या ओढून घ्यायच्या, वीणेची तार बदलायची. या सगळ्यात एक काम असे आहे की त्याच्यावर कोणी निरूपण करीत नाही. ते म्हणजे गाडीखाली वाकून बघणे. दिंडी पायी चालते हे खरे. पण शिधा, भांडी, औषधांची पेटी आणि पाय सुजलेल्या म्हाताऱ्या माउल्या गाडीतूनच पुढच्या मुक्कामाला पोहोचतात. ती गाडी पुणे ते सासवडच्या लांबलचक टप्प्यात अडून बसली, तर संध्याकाळची पंगत उपाशी राहते आणि आजारी माणूस रस्त्याच्या कडेला बसून राहतो. म्हणून हे काम मी भजनाइतकेच सेवेचे मानतो.

आमच्या दिंडीकडे एक जुनी ओम्नी आहे. या गाड्या 2019 साली निघायच्या बंद झाल्या. आमची त्याच्याही पुष्कळ आधीची. कीर्तनाचे दिवस होते तेव्हा हिच्यातूनच मी, मृदंगाचार्य आणि चार-सहा टाळकरी गावोगावच्या सप्ताहांना गेलो. आता माझा गळा साथ देत नाही, कीर्तन थांबले. गाडी दिंडीच्या सेवेला लागली. गेल्या वर्षी चैत्रात ती मंदिराच्या फरशीवर काळसर डाग पाडू लागली. रोज सकाळी रुपयाएवढा डाग. मग तो बशीएवढा झाला.

बैठकीत विषय निघाला. एक म्हणाला, इंजिन गेले. दुसरा म्हणाला, खालचा बोल्ट ढिला असेल, आवळा म्हणजे झाले. तिसऱ्याने तर सांगून टाकले की भंगारात घाला, वर्गणी काढून दुसरी घेऊ. वर्गणी देणारी माणसे म्हणजे भाजी विकणाऱ्या बाया आणि शेतमजूर. त्यांच्या घामाचे पैसे काढायचे, तर आधी गळती कुठली ते कळले पाहिजे. शास्त्रात सिद्धांत मांडण्याआधी पूर्वपक्ष नीट तपासावा लागतो. येथे तीन पूर्वपक्ष उभे होते आणि गाडीखाली कोणीच वाकले नव्हते.

आमच्या गावाजवळ एक मेस्त्री आहेत. शाळा फार झालेली नाही, पण हाताला ज्ञान आहे. गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी पहिल्यांदा तो डाग बोटावर घेतला, चोळला आणि नाकाशी नेला. म्हणाले, “महाराज, वास घ्या.” मी घेतला. गंधकासारखा उग्र वास, आणि तेल मधासारखे चिकट. ते म्हणाले, “हे इंजिनाचे नाही. इंजिनाचे वापरलेले तेल पातळ होते, त्याला जळका वास येतो. ब्रेकचे तेल पाण्यासारखे असते. हे गिअरबॉक्सचे आहे.” एका वासात पहिला पूर्वपक्ष गळून पडला.

मग मला वाटले, आता ते पाने घेऊन खोलायला लागतील. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. गाडी खड्ड्यावर घेतली, चाकांना पुढून-मागून दगड लावले आणि डिझेल व ब्रशने गिअरबॉक्सचे सगळे अंग धुऊन काढले. वर्षानुवर्षांचा चिखल आणि तेल मिळून तिथे पापुद्रे जमले होते. ते निघाल्यावर धातूचा मूळ रंग दिसला. कापडाने आणि हवेने सगळे कोरडे केले. मग खडूची भुकटी फडक्यात बांधून सांध्यासांध्यावर थापली. म्हणाले, “आता वीसेक किलोमीटर फिरवून आणा. तेल तापले पाहिजे. थंड गाडी खोटे बोलते.”

का, ते त्यांनी समजावून सांगितले. गिअरबॉक्स गळायच्या जागा ठरलेल्या असतात. पुढे जिथे क्लचची घंटेसारखी पेटी असते तिथला सील, मागे जिथून प्रॉपेलर शाफ्ट निघतो तिथला सील, गिअर बदलणारा दांडा आत शिरतो ती जागा, स्पीडोमीटरची केबल बसते ती जागा, दोन भागांच्या मधले कागदी पॅकिंग, आणि तेल भरायचा व काढायचा असे दोन बोल्ट. यातून कोठूनही थेंब निघाला तरी तो खाली उतरतो, चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे सरकतो आणि सगळ्यात खालच्या टोकाला लोंबून पडतो. म्हणून डाग जिथे पडतो, तिथे गळती असतेच असे नाही. धूर पाहून अग्नीचे अनुमान करावे हे खरे. पण धूर वाऱ्याने लांब गेलेला असेल, तर अनुमान करणाऱ्याने वाऱ्याचाही विचार करायला हवा.

फिरवून आणल्यावर दिव्याच्या उजेडात आम्ही दोघांनी पाहिले. पुढची क्लचची पेटी पांढरीशुभ्र, कोरडी. तिथे ओल निघाली असती तर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागला असता, शिवाय तेल क्लच प्लेटवर गेले असते तर गाडी चढावर घसरली असती. बाजूचे पॅकिंग कोरडे. खालचा बोल्ट कोरडा, म्हणजे दुसराही पूर्वपक्ष गेला. मागच्या टोकाला मात्र, शाफ्ट जिथे आत शिरतो तिथून, भुकटीवर काळी रेघ उतरली होती. आणि फिरत्या शाफ्टने उडवलेल्या तेलाचे ठिपके वरच्या पत्र्यावर अर्धगोलात उमटले होते. मेस्त्री म्हणाले, “हे बघा, चोराने सही करून ठेवली.”

खोलण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली, ती प्रत्येक गाडीवाल्याने ध्यानात ठेवावी. तेल काढण्याच्या बोल्टाआधी त्यांनी तेल भरण्याचा बोल्ट सैल करून पाहिला. कारण विचारले तर म्हणाले, “खालचा काढून तेल सांडून टाकले आणि वरचा गंजून निघालाच नाही, तर नवे तेल घालणार कुठून?” मला हे वाक्य फार आवडले. जुने सोडण्याआधी नवे येण्याची वाट उघडी आहे का ते पाहावे. व्यसन सोडायला निघालेल्या कितीतरी तरुणांना मी हेच सांगत आलो: आधी हरिपाठाची वेळ ठरव, संध्याकाळ रिकामी ठेवू नकोस.

तेल काढले. शाफ्ट मागे ज्या तबकडीला चार बोल्टांनी जोडलेला असतो तिथे दोन्ही भागांवर रंगाची खूण केली, म्हणजे परत तसाच बसेल आणि थरथरणार नाही. शाफ्ट मागे ओढून काढला. जुना सील हातात आला तो लाकडासारखा कडक. रबर मऊ असते तोवर शाफ्टला बिलगून राहते. उष्णतेने आणि वयाने कडक झाले की त्याची कड चिरते आणि तेलाला वाट मिळते. यात गाडीचा काही दोष नाही, हा काळाचा धर्म आहे.

नवा सील ठोकून मोकळे व्हावे, असे कोणालाही वाटेल. मेस्त्री थांबले. शाफ्टचा जो गुळगुळीत भाग सीलमध्ये फिरतो त्यावरून त्यांनी नख फिरवले. बारीक चकाकती रेघ होती, पण नख अडकले नाही. अडकले असते तर तो तुकडाच बदलावा लागला असता, कारण खाचेवर नवा सीलही गळतो. मग शाफ्ट परत आत सारून वरखाली हलवून पाहिला. आतली बुश झिजली असेल तर शाफ्ट डुलतो आणि नवा सील थोड्याच दिवसांत खातो. आमची बुश ठीक होती.

आणि शेवटी त्यांनी ती जागा पाहिली जिच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला श्वास घ्यायचे एक छोटे छिद्र असते. तेल तापले की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर जाते. आमच्या गाडीचे ते छिद्र वारीच्या वाटेवरच्या चिखलाने गच्च बुजले होते. कोंडलेली हवा तेलाला सीलवर रेटत होती. हे छिद्र तसेच ठेवून दहा सील बदलले असते, तरी अकरावा गळला असता.

छिद्र मोकळे केले. सीलची बैठक ओरखडा न पाडता पुसून घेतली. नव्या सीलच्या कडेला वंगण लावले, स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे म्हणजे आत ठेवली आणि सीलच्या बाहेरच्या घेराएवढ्या नळीने चहूबाजूंनी सारखे ठोके देत तो सरळ बसवला. वाकडा गेला तर पहिल्याच दिवशी गळतो. शाफ्ट खुणेला खूण लावून बसवला. तेल घातले ते गिअरबॉक्सला सांगितलेल्याच जातीचे. मेस्त्री म्हणाले की डिफरन्शिअलसाठीचे जास्त तिखट तेल आतल्या पितळी कड्यांना बाधते. गाडी सपाट ठेवून भरायच्या छिद्रातून तेल नुसते ओघळू लागेपर्यंत भरले, त्याच्या वर थेंब नाही. जास्त भरले तरी ते बाहेरच येते. तीन रात्री खाली पांढरा कागद पसरून ठेवला. कागद कोरडा राहिला. वर्गणी निघाली नाही. गाडी पंढरपूरला जाऊन आली.

त्या दिवसांत मला वेदान्ताच्या पाठातला एक जुना विचार पुन्हा पुन्हा आठवत होता. अंतःकरणाचे तीन दोष सांगतात: मल, विक्षेप आणि आवरण. कर्माने मल जातो, उपासनेने विक्षेप जातो, ज्ञानाने आवरण जाते, आणि हा क्रम चुकवून चालत नाही. मेस्त्रींनी आधी धुतले, मग धीराने पाहिले, मग उघडले. आपल्याकडे साधक बहुधा उघडण्यापासून सुरुवात करतो. हरिपाठ चुकायला लागला की तो म्हणतो, संध्याकाळी वेळ मिळत नाही. संध्याकाळ ही डाग पडण्याची जागा. गळती कदाचित दुपारच्या वादात असेल, कदाचित रात्रीच्या जागरणात. आणि पुष्कळदा सील ठीक असतो, श्वासाचे छिद्र बुजलेले असते: मनात कोंडलेले कोणाला सांगितलेले नसते, आणि ते नेमालाच रेटून बाहेर पडते. अशा माणसाला नवा नेम देऊ नये. त्याच्याजवळ बसावे, त्याला बोलू द्यावे.

दृष्टांत एकदेशी असतो, हे कीर्तनकाराने विसरू नये. गाडीचा सील बदलता येतो, देहाचा बदलता येत नाही. माझा आवाज गेला तो कोणत्या मेस्त्रीकडे परत यायचा नाही, आणि त्याबद्दल पांडुरंगाकडे माझे गाऱ्हाणेही नाही. पण मृदंगाची पुडी फुटली म्हणून कोणी खोड फेकून देत नाही. घरातल्या म्हाताऱ्यांबद्दल, जुन्या विणेकऱ्यांबद्दल, भजनात आता ताल चुकणाऱ्या एखाद्या वृद्ध टाळकऱ्याबद्दल “आता उपयोग नाही” असे म्हणण्याआधी एवढे तरी बघावे की नेमके काय गळते आहे. बहुतेक वेळा बिघडलेली वस्तू लहान असते. टाळ जड झाले असतील तर हलके द्यावेत. ऐकू येत नसेल तर पुढे बसवावे.

यंदा प्रस्थानाला अजून अवकाश आहे. ज्यांच्या दिंडीत जुनी गाडी आहे त्यांनी आजच रात्री तिच्याखाली एक कागद पसरावा आणि सकाळी पाहावा. डाग असेल तर वास घ्यावा, धुवावे, फिरवावे, मग जाणत्याला दाखवावे. गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली कोणी शिरू नये. घोड्या लावाव्यात किंवा खड्ड्यावर न्यावी, आणि गरम तेलाला हात लावू नये. माउलींच्या सोहळ्यात चालणाऱ्या एकाही म्हाताऱ्या पायाला आपल्या आळसापायी थांबावे लागू नये, एवढेच मागणे.

रामकृष्ण हरी.